संगणकाने शिकवले, विद्यार्थ्याला काय वाटले?

ऑनलाइन कोर्स संपला की एक फॉर्म येतो. 'कोर्स कसा वाटला? एक ते पाच गुण द्या.' आपण चार किंवा पाचवर टिचकी मारतो आणि प्रमाणपत्र उतरवून घेतो. विद्यार्थ्याच्या अनुभवाची चौकशी एवढ्यावर आटोपते याची मला खंत वाटते, कारण पन्नास वर्षांपूर्वी ही चौकशी बरीच खोल जात होती.

1970 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने संगणकाच्या मदतीने शिकवण्याच्या दोन मोठ्या प्रयोगांना पैसा पुरवला. पहिला प्लेटो. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी तो 1960 मध्ये सुरू केला होता, आणि आता त्याची चौथी आवृत्ती कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजांत, पोचली होती. दुसरा टिकिट. त्याच्या कीबोर्डवर नियम, उदाहरण, सराव, सोपे, अवघड अशी वेगवेगळी बटणे होती. पुढे काय बघायचे हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे. दोन्हींचे मूल्यमापन एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे सोपवले गेले.

निष्कर्ष आले ते कोड्यात टाकणारे. प्लेटो विद्यार्थ्यांना आवडला, पण गुणांमध्ये ठाम फरक दिसला नाही. टिकिटवर गणिताचा कोर्स ज्यांनी पुरा केला त्यांचे गुण वर्गातल्या मुलांपेक्षा चांगले होते. मात्र पुरा करणारेच वर्गाच्या तुलनेत फार थोडे निघाले. 'पुढचे तूच ठरव' हे स्वातंत्र्य बऱ्याच जणांना पेलले नसावे असे मला वाटते. काही असो, आवडणे, शिकणे आणि टिकून राहणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाच कागदावर आले होते. आज हजारोंनी नोंदणी होणारे आणि मूठभरांनी पुरे होणारे ऑनलाइन कोर्स पाहताना ते अहवाल हटकून आठवतात.

गुणांच्या तक्त्यावरून हे का घडले ते कळत नव्हते. नेमक्या याच पद्धतीवर माल्कम पार्लेट आणि डेव्हिड हॅमिल्टन या ब्रिटनमधल्या शिक्षण-अभ्यासकांनी 1972 मध्ये बोट ठेवले होते. शेतात वाफे पाडायचे, एकाला खत घालायचे, दुसऱ्याला नाही, आणि शेवटी रोपांची उंची मोजायची, तसे शिक्षणाचे चालले आहे, असे त्यांचे म्हणणे. रोप बोलत नाही, विद्यार्थी बोलतो. तेव्हा वर्गात जाऊन बसा, माणसांशी बोला, मग मत द्या, हा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह संगणकाच्या बाबतीत प्रत्यक्षात आणायची संधी ब्रिटनला मिळाली. 1973 ते 1977 या काळात तिथे संगणकाधारित शिक्षणाचा राष्ट्रीय विकास कार्यक्रम चालला. खर्च सुमारे 20 लाख पौंड, संचालक रिचर्ड हूपर. शैक्षणिक मूल्यमापन ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या बॅरी मॅकडॉनल्ड यांच्या गटाकडे होते आणि त्या गटाचे नाव अनकॅल. या गटातल्या स्टीफन केमिस आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडलेला एक मुद्दा मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो. विद्यार्थी संगणकासमोर जे कष्ट करतो त्यातले काही शिकण्याचे असतात, तर काही नुसतीच हमाली असते: लांबलचक आकडेमोड, तक्ते भरणे, माहिती शोधत बसणे. संगणकाने ही हमाली उचलली तर विद्यार्थी विचाराला मोकळा होतो. म्हणून मूल्यमापकाने विचारायचे ते हे, की या धड्यात विद्यार्थ्याचा वेळ नेमका कशात गेला? आपल्याकडच्या शैक्षणिक ॲपना हा प्रश्न कोणी विचारत असेल तर मला त्याला भेटायला आवडेल.

1990 च्या दशकात ग्लासगो विद्यापीठात स्टीफन ड्रेपर आणि सहकाऱ्यांनी डझनावारी वर्गांत सॉफ्टवेअर तपासले. धड्याआधी आणि धड्यानंतर, 'हा मुद्दा मला जमेल' असा विश्वास किती वाटतो, याच्या नोंदी ते मुलांकडून घेत. त्यांच्या हाती लागले ते असे, की एकट्या सॉफ्टवेअरला चांगले-वाईट ठरवता येत नाही. शिक्षकाने ते अभ्यासक्रमात कसे गुंफले, परीक्षेशी त्याचा संबंध सांगितला की नाही, सोबत टिपणे दिली का, यावर बरेच अवलंबून असते. पुढे 2005 नंतर ब्रिटनमध्येच, उच्च शिक्षणात डिजिटल तंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या जिस्क या संस्थेने विद्यार्थ्यांच्या अनुभवावर संशोधन करवून घेतले. त्यात विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या निरोपांचे एक आख्खे भूमिगत जग समोर आले. कॉलेजच्या अधिकृत चर्चाफलकावर शुकशुकाट, आणि खरा अभ्यास मित्रांच्या चॅटमध्ये!

भारतात माणसांजवळ जाऊन पाहण्याची ही रीत संगणकाच्या आधी दूरचित्रवाणीने आणली. 1975-76 च्या साइट प्रयोगात इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत उपग्रहाद्वारे कार्यक्रम दाखवले, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी सगळ्या गावासाठी. काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक महिनोन्‌महिने राहिले. संगणक आला तेव्हा मात्र आपण बहुतांशी गुणांकडे वळलो. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणिताचे गुण चांगलेच वाढल्याचे दिसले, पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला होता. अभ्यास अतिशय काटेकोर आहे. मात्र एकाच माउसवर दोघांचे कसे जमत होते, हे गुणांच्या तक्त्यातून कळत नाही.

मग 2020 आले. शाळा बंद, आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारे 'असर' हे सर्वेक्षण प्रथमच फोनवर झाले. शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण 2018 मधल्या 36.5 टक्क्यांवरून 61.8 टक्क्यांवर गेले होते. तरी सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचे काही साहित्य मिळाले होते ते जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांना, आणि ते मुख्यतः व्हॉट्सॲपवरून. फोनवर उत्तरे दिली ती घरातल्या मोठ्यांनी. त्या छोट्या पडद्यावरचा धडा मुलाने कितीदा मागे नेऊन पाहिला, कुठे थांबला, कुणाला विचारले, हे फक्त त्या मुलालाच सांगता आले असते.