खुलासा: ‘अप’ला इंग्रजीत सर्वाधिक अर्थ आहेत का?

“‘अप’ या दोन अक्षरी शब्दाइतके अर्थ इंग्रजीत दुसऱ्या कुठल्याच शब्दाला नाहीत,” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत उदाहरणांची लांबलचक यादी असते: वेक अप, गिव्ह अप, मेक अप, शट अप. यादी वाचली की कुणालाही पटेल, कारण उदाहरणं सगळी खरीच आहेत. गडबड मोजण्यात आहे.

‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणं. हा अर्थ एकट्या ‘अप’चा नाही, एकट्या ‘गिव्ह’चाही नाही, तो जोडीचा आहे. म्हणून कोशात तो बहुधा ‘गिव्ह’च्या नोंदीखाली सापडतो. ‘ईट अप’मध्ये मात्र ‘अप’ खरंच स्वतःचं काम करतो, काम पुरं झाल्याचं सांगतो. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो ना, त्यातल्या ‘टाक’सारखं. तिथे आपण काही फेकून देत नसतो!

जोड्या वगळल्या तरी ‘अप’चे बरेच अर्थ उरतात, पण विक्रम त्याचा नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 400हून अधिक अर्थ होते. पुढे त्याच कोशाच्या सुधारित नोंदीत ‘रन’ 600च्या पलीकडे गेला.

पडताळणी सोपी आहे. एकच चांगला कोश घ्या आणि त्यातल्या ‘अप’, ‘गो’, ‘सेट’, ‘रन’ या नोंदींखाली क्रमांक देऊन दिलेले अर्थ मोजा. कोश बदलला की आकडे बदलतील, म्हणून एका कोशाचा आकडा दुसऱ्याशी ताडू नका. दोनच अक्षरांची अट घातलीत तरी ‘गो’ची नोंद बहुधा ‘अप’पेक्षा लांब भरते.