स्वच्छ ऊर्जा संस्था, विद्यापीठीय

कोळसा, तेल वा वायू न जाळता मिळणाऱ्या ऊर्जेची निर्मिती, साठवण व वितरण यांवर संशोधन करणारी आणि त्याच विषयांत एम.टेक., पीएच.डी. यांसारख्या पदव्यांचे शिक्षण देणारी उच्च शिक्षणातील संस्था. हा विषय एका शाखेत मावत नाही : सौर घटाचे द्रव्य भौतिकी व रसायनशास्त्राकडे जाते, इन्व्हर्टर विद्युत अभियांत्रिकीकडे आणि वीजदर अर्थशास्त्राकडे. म्हणून जुन्या विभागांतील प्राध्यापक एकत्र येऊनच अशी संस्था बहुधा उभी राहते.

ठाणे व नवी मुंबईच्या शेजारी, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत याचे ठळक उदाहरण आहे. तेथे ऊर्जाविषयक स्वतंत्र विभाग असून, राष्ट्रीय सौर मोहिमेच्या आरंभीच, २०१० मध्ये, केंद्र सरकारच्या साहाय्याने प्रकाशविद्युत (प्रकाशापासून थेट वीजनिर्मिती) संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. या केंद्राने २०१३ पासून देशाच्या निरनिराळ्या हवामानांत बसवलेल्या पॅनेलांची जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशातील पॅनेल थंड प्रदेशातील पॅनेलांपेक्षा लवकर क्षीण होत असल्याचे आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा गच्चीवरच्या लहान संचांची अवस्था अधिक वाईट असल्याचे दिसून आले. प्रयोगशाळेतील विक्रमी कार्यक्षमतेइतकी अशा पाहणीची चर्चा होत नाही. सोसायटीच्या गच्चीवर पैसे घालणाऱ्याला मात्र उपयोग हिचाच अधिक.

पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. वाशी किंवा ऐरोलीच्या गच्चीवर मे महिन्याच्या दुपारी काचेखालचा घट सहज ६० अंशांपर्यंत तापतो, आणि सिलिकॉनच्या घटाची शक्ती दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटत असल्याने, ऊन सर्वांत कडक असतानाच १० ते १४ टक्के वीज हातची जाते. त्यात खाडीकाठची दमट, खारी हवा चौकटीच्या फटींतून व जोडांतून आत शिरून धातूला गंज चढवते. कबुतरे (त्यांचा तोटा या शहरांत नाही) बसून गेली की विष्ठेखाली झाकला गेलेला एकच घट, शेजारच्या घटांची वीज स्वतःत जिरवून तापू लागतो. बायपास डायोड (झाकलेल्या घटाला वळसा घालून प्रवाह पुढे जाऊ देणारा भाग) असतो तो हे टाळण्यासाठी. जोराचा पाऊस काच धुऊन काढतो, पण वाळलेली विष्ठा बऱ्याचदा हाताने घासूनच काढावी लागते.

दुसरा मोठा विषय साठवणीचा. राज्याच्या विजेची मागणी व पुरवठा यांचा मेळ घालणारे राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, ५० हर्ट्झच्या आसपास टिकवायची, तर संध्याकाळी सौर वीज झपाट्याने ओसरत असताना आणि घरोघरचे दिवे, एसी सुरू होत असताना, तेवढीच वीज दुसरीकडून आणावी लागते. बॅटरी हा त्यावरचा एक उपाय. दुसरा, जुना उपाय ठाणे जिल्ह्यातच आहे. घाटघर उदंचन प्रकल्पाचा वरचा जलाशय अहिल्यानगर जिल्ह्यात, तर खालचा शहापूर तालुक्यात चोंढे येथे असून त्याची क्षमता २५० मेगावॅट आहे. उदंचनाची मूळ कल्पना रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडण्याची होती. सौर वीज वाढत गेल्यावर पाणी चढवण्याची सोयीची वेळ दुपारकडे सरकते, आणि हे वेळापत्रक कसे आखावे हा गणिताइतकाच वीजदराचाही प्रश्न होतो.