‘त्याला मत दिलंत तर पाप लागेल’: चर्च खरं काय म्हणतं?

अमेरिकेत निवडणूक आली की एक दावा हटकून फिरतो: गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या उमेदवाराला मत देणं कॅथलिकांसाठी पापच, चर्चचा तसा नियम आहे. असा सरसकट नियम नाही.

२००४ साली, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे कॅथलिक उमेदवार जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना, कार्डिनल राट्झिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, मवाळ म्हणून कुणी ओळखत नसे) यांनी अमेरिकी बिशपांसाठी टिपण पाठवलं. मतदानाबद्दल त्यात भर हेतूवर आहे. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच मत दिलं, तर मतदार त्या दुष्कृत्यात सामील. पण ती भूमिका अमान्य असूनही इतर कारणांसाठी दिलं, तर त्या दुष्कृत्याशी संबंध दूरचा. कारणं तितकीच वजनदार असतील तर चालू शकतं. खरी मेख या ‘तितकीच’मध्ये आहे. नुसती करसवलत आवडली म्हणून भागणार नाही, असं मला वाटतं.

म्हणून चर्चला गर्भपात चालतो, असंही नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी परतीच्या विमानात पत्रकारांपुढे गर्भपाताला हत्या म्हटलं, स्थलांतरितांना हाकलणंही पाप ठरवलं. मग त्या वर्षीच्या निवडणुकीत स्थलांतरितांना हाकलू पाहणारे ट्रम्प की गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या हॅरिस? कमी वाईट कोण, ते ज्यानं त्यानं सदसद्विवेकाला स्मरून ठरवावं, असं ते म्हणाले.