फ्लाय नदीची, मीठ समुद्राचं

फ्लाय म्हणजे गळावर पिसं-लोकर बांधून केलेली खोटी माशी. ती फेकायचा नऊ फुटांचा फ्लाय रॉड चार तुकड्यांत सुटतो, पाऊण मीटरच्या नळीत बसतो आणि नागपूर-मडगाव गाडीत बर्थखाली सरकवला की दिसतही नाही. घोळ पुढे किनाऱ्यावर होतो. नागपुरात कस्तुरचंद पार्कच्या गवतावर झकास चालणारा पाच नंबरचा, म्हणजे हलक्या दोरीचा, संच मालवणच्या वाऱ्यात दहा मीटरवर दम तोडतो. लाट ओसरताना दोरी पायांत गुंतते. सुटी संपवून घरी येईतो रीलवर पांढरा क्षार धरलेला असतो. फेकणाऱ्याचा दोष यात थोडाच. ही विद्या नदीकाठी वाढलेली, समुद्राने तिचा एकेक भाग नापास केला आणि तो तो भाग नव्याने घडवावा लागला.

नदीवरचा सर्वात जुना तपशील रोमन लेखक इलियनचा, इसवी सन २०० च्या आसपासचा. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळत, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन मेणरंगी पिसं बांधत. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाने गळाच्या मासेमारीचं प्रकरण आहे. पण तिथलं आमिष माशाने खायचं. आपले ढिवर गरीला गांडूळ लावतात, त्याच जातीचं. पिसांचा खेळ निराळा. साध्या गळाची दोरी शिशाच्या वजनाने ओढली जाते. फ्लायला वजनच नाही, म्हणून दोरीच जड ठेवायची आणि तिच्या झोकावर पिसं पुढे न्यायची. समुद्रावरच्या पुढच्या सगळ्या भानगडी या एका गोष्टीतून निघतात.

खाऱ्या पाण्यात हा प्रयोग एकोणिसाव्या शतकातच झाला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी १८७८ च्या सफरीत फ्लायवर मासे काढले. पण तेव्हाची दोरी रेशमाची. ती रोज सोडून वाळवायची, चरबी चोळायची, नाहीतर कुजे. रॉड चिरलेल्या बांबूचा, वजनदार. गळ आणि रील गंजायचे. एवढी उस्तवार करण्यापेक्षा लोक नदीवर परत गेले.

वाट मोकळी केली ती कारखान्यांनी. १९३८ मध्ये नायलॉन आलं, महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड, आणि १९५० च्या दशकात प्लास्टिकचा लेप दिलेली, न कुजणारी दोरी. मधेच १९४७ मध्ये अमेरिकन मासेमार जो ब्रुक्स यांनी फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात ठरवून फ्लायवर बोनफिश नावाचा मासा धरला आणि हा नाद पसरला. १९६१ चा बदल त्याहून महत्त्वाचा. तोवर दोरी जाडीवरून, अक्षरांनी ओळखत. रेशीम आणि नायलॉन सारख्या जाडीचे असले तरी वजनात फरक, त्यामुळे रॉडला दोरी जुळेना. मग पहिल्या तीस फुटांच्या वजनावर नंबर ठरले: पाच नंबर १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आठ नंबर २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या वर. पाच नंबर वाऱ्यात का पडतो, ते या फरकात आहे. किनाऱ्यासाठी आठ किंवा नऊ घ्यावा. १९७३ मध्ये कार्बनचा रॉड बाजारात आला आणि एवढं वजन दिवसभर फेकूनही मनगट शाबूत राहू लागलं.

फ्लायही बदलली. समुद्रातली फ्लाय कसली माशी, ती छोट्या माशाची नक्कल. लेफ्टी क्रे यांची डिसिव्हर नावाची फ्लाय १९५० च्या दशकाअखेरची: पिसं गळाच्या शेपटाकडे बांधायची, म्हणजे फेकताना ती गळाला वेटोळं घालत नाहीत. बॉब क्लाउझर यांची १९८७ ची मिनो नावाची फ्लाय मुळात गोड्या पाण्यातली. तिच्या शिशाच्या डोळ्यांमुळे गळ उलटा चालतो आणि तळाला कमी अडकतो. कोकणात १/० किंवा २/० आकाराच्या गळावर बांधलेल्या या दोन पुरतात. खडकातल्या तांबोशीसाठी टोकाला चाळीस पौंड ताण झेलणाऱ्या फ्लुरोकार्बन तंगुसाचा हातभर तुकडा बांधावा, नाहीतर पहिल्याच धडकेत दोरी कापली जाते.

टबाचीही एक गोष्ट आहे. ओढून घेतलेली दोरी लाटेत सोडली की गुंता ठरलेलाच. म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे लोक कमरेला टोपली बांधू लागले. इतवारी बाजारातल्या प्लास्टिकच्या टबाला तळाशी चार भोकं पाडायची, आत बोटभर उंचीचे केबल टाय उभे ठेवायचे, पट्ट्याने बांधायचं. विकतच्यापेक्षा वाईट चालत नाही.

नदीची एक सवय मात्र अजून जात नाही. मासा लागला की नदीत ट्राउट मासा धरणारे रॉड उचलतात. समुद्रात तसं केलं की रॉड वाकून जोर खातो, गळ रुतत नाही. डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची, रॉड माशाकडेच.

घरची मंडळी बरोबर असली की वेळ सकाळची. दहापर्यंत मतलई वारा पाठीशी असतो, मग खारा वारा तोंडावर येतो. पाठीच्या वाऱ्यात मागची फेक खाली पडते, ती जोरात घ्यावी. मागे वीस मीटर पोरं नकोत, गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबलेला असावा आणि चष्मा सगळ्यांना. भरतीसाठी जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, तास इकडेतिकडे. खाडीच्या तोंडाशी सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, पहिले दोन तास चांगले, कारण बारीक मासळी तेव्हा बाहेर वाहते. पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, घासत चालावं. वाळूत काटेरी शेपटीचं पाकट असतं.

संध्याकाळी रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी आवरणारा ब्रेक, सैल करून सगळं गोड्या पाण्याने धुवावं. डासांचं मलम दोरीला लागू देऊ नये, त्यातलं डीईईटी हे रसायन प्लास्टिकचा लेप खातं. दोरी उष्ण कटिबंधाची घ्यावी. थंड पाण्याची इथे मऊ पडून रॉडच्या रिंगांना चिकटते. आणि कुठलीही घेतली तरी मे महिन्यात नागपूरला परतल्यावर ती गाडीच्या डिकीत विसरू नये.