म्युनिकची कौटुंबिक सहल: ग्रुप डे-तिकीट कधी काढायचं आणि बायर्न-टिकेट कधी?

म्युनिकला कुटुंब घेऊन गेलं की राहण्याच्या खालोखाल पैसा जातो तो फिरण्यात, आणि नेमकी तिथेच दोन तिकिटांची गल्लत होते. एक शहराचं ग्रुप डे-तिकीट, जर्मनमध्ये ग्रुपेन-टागेसकार्टे. दुसरं बायर्न-टिकेट, म्हणजे सगळ्या बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट. दोन्ही एका दिवसाची, दोन्हींवर पाच मोठी माणसं जातात, म्युनिकमधली मेट्रो (ऊ-बान), लोकल (एस-बान), ट्राम आणि बस दोन्हींवर चालते. वरून विक्रीही एकाच मशीनवर. मग महाग ते चांगलं असं समजून कुणी सहलीच्या सगळ्या दिवशी बायर्न-टिकेट काढतं आणि जवळपास दुप्पट पैसे घालवतं. कुणी शहराच्या तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या गाडीत बसतं आणि टीसीला दंड भरतं.

दोन्हींमधला खरा फरक एवढाच आहे: ग्रुप डे-तिकिटाला जागेचं बंधन आहे, बायर्न-टिकेटला वेळेचं. त्यामुळे सहलीसाठी कोणतं तिकीट चांगलं हा प्रश्नच चुकीचा ठरतो. त्या दिवशी कुठे जायचं आणि किती वाजता निघायचं, यावर रोजचं तिकीट ठरवायचं.

आधी ग्रुप डे-तिकीट बघू. म्युनिक आणि आजूबाजूच्या परिसराची वाहतूक एमव्हीव्ही या एकाच यंत्रणेखाली येते आणि तिचे झोन पाडलेले आहेत. मधला मोठा झोन एम. त्याच्या बाहेर 1, 2, 3 असे वाढत जाणारे पट्टे. मारियनप्लाट्झ, इंग्लिश गार्डन, डॉइचेस म्युझियम, निम्फेनबुर्ग राजवाडा, ऑलिम्पिक पार्क, प्राणिसंग्रहालय हे सगळं एम झोनमध्येच येतं. म्हणजे शहरातच फिरायचं असेल त्या दिवशी फक्त एम झोनचं तिकीट पुरतं. किंमत 20 युरोंच्या आसपास, आणि ती दोघं असा किंवा पाच जण असा, तेवढीच राहते. दोन मोठ्यांची दोन वेगळी डे-तिकिटं काढली तरी साधारण तेवढेच पैसे जातात, त्यामुळे दोघांपासूनच ग्रुप तिकीट परवडतं. शिक्का मारल्यापासून ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत चालतं. सकाळी 7 ला निघालात तरी अडचण नाही.

मुलांचा हिशोब इथे नीट समजून घ्यावा लागतो. 6 वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. 6 ते 14 वयाची दोन मुलं मिळून एक मोठं माणूस धरतात. म्हणजे आई, बाबा, आजी, आजोबा आणि शाळेत जाणारी दोन मुलं, हे सहा जण एकाच ग्रुप तिकिटात बरोबर बसतात: चार मोठे अधिक एक. पण मुलगा 15 वर्षांचा झाला की तो पूर्ण मोठा. आपल्याकडे बारावीपर्यंत पोर लहानच समजतात, पण तिथे पासपोर्टवरची जन्मतारीख बघितली जाते.

विमानतळ पाचव्या झोनमध्ये आहे. एस1 किंवा एस8 लोकलने मुख्य स्टेशनला यायला पाऊण तास धरा. उतरल्या दिवशी एम ते 5 झोनचं ग्रुप तिकीट काढलं तर साधारण तिशीच्या घरात पैसे जातात, आणि सामान हॉटेलवर टाकून संध्याकाळी फिरायलाही तेच तिकीट चालतं. परत विमानतळावर जाताना एस1 ने जात असाल तर एक काळजी घ्या: नॉयफार्न स्टेशनवर ही गाडी दुभागते. अर्धी विमानतळाला जाते, अर्धी फ्रायझिंगला. फलाटावरचा बोर्ड आणि डब्यावरची पाटी वाचून मगच बसा. एस8 ची गाडी अशी दुभागत नाही, सामान जास्त असेल तर तीच बरी.

डाखाऊची छळछावणी, म्हणजे आजचं स्मृतिस्थळ, पहिल्या झोनमध्ये येते. तिथे एस2 ने जाऊन पुढे 726 नंबरची बस घ्यायची. त्यासाठी एम ते 1 चं तिकीट लागतं, नुसतं एम चालत नाही. स्मृतिस्थळाला प्रवेश फुकट आहे, पण 60 युरोंचा दंड झाला तर तो फुकटपणा संपला. वैध तिकीट नसेल तर तिथला दंड 60 युरो आहे, आणि तो माणशी. मुंबईच्या लोकलसारखंच तिथेही गेट नाही, तपासनीस साध्या कपड्यांत डब्यात चढतो. नवीन माणूस आहे म्हणून सोडून देत नाहीत. तिकीट कागदी असेल आणि त्यावर शिक्का मारायची जागा असेल, तर फलाटाकडे जाण्याच्या वाटेवर असलेल्या निळ्या मशीनमध्ये ते घालून शिक्का मारायलाच हवा. बस आणि ट्राममध्ये हे मशीन आतच असतं. खिशात विकत घेतलेलं कोरं तिकीट असणं म्हणजे तिकीट नसणंच.

आता बायर्न-टिकेट. इथे झोनची भानगड नाही. रीजनल गाड्या, म्हणजे आरई, आरबी, बीआरबी आणि एस-बान, राज्यात कुठेही. न्युर्नबर्ग, आउग्सबुर्ग, रेगेन्सबुर्ग या शहरांतली स्थानिक ट्राम-बससुद्धा त्यात येते. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंतही ते चालतं. किंमत माणसागणिक वाढते: पहिल्या माणसाला 30 ते 35 युरोंच्या दरम्यान, पुढच्या प्रत्येकाला दहाएक युरो, असं पाच जणांपर्यंत. म्हणून एकट्याला ते महाग वाटतं आणि पाच मोठ्यांना मिळून सत्तरच्या पुढे-मागे पडतं. आईवडील आणि त्यांची 6 ते 14 वयाची दोन मुलं असतील तर मुलांचे पैसे लागत नाहीत, दोघांच्याच किमतीत चौघं. दोन्ही तिकिटांचे भाव साधारणपणे वर्षाअखेरीला बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

वेळेचं बंधन मात्र कडक. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 पासून सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 3 ला संपतं. शनिवार-रविवारी आणि राज्यभराच्या सरकारी सुट्ट्यांना मध्यरात्री 12 पासूनच चालतं. 3 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, 6 जानेवारी या तशा सुट्ट्या आहेत. लोक रेल्वेगाडीची वेळ बघतात आणि हॉटेलपासून स्टेशनपर्यंतची मेट्रो विसरतात. गाडी 9 नंतरची असेल, पण तुम्ही 8:40 ला मेट्रोत बसलात, तर त्या मेट्रोत तुमच्याकडे तिकीट नाही. कामाच्या दिवशी एक तर स्टेशनपर्यंत चालत जा, नाही तर तेवढ्यापुरतं वेगळं तिकीट काढा.

दुसरी अट गाड्यांची. आयसीई, आयसी, ईसी आणि रेलजेट या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत बायर्न-टिकेट चालत नाही. साल्झबर्गला हा घोटाळा हमखास होतो, कारण त्याच मार्गावर ऑस्ट्रियाची रेलजेटही धावते आणि ती लवकर पोचते. तुम्हाला हवी ती बीआरबीची रीजनल गाडी, जिला पावणेदोन तास लागतात. साल्झबर्गला उतरल्यावर तिथल्या शहर बसला हे तिकीट चालत नाही. पाच मिनिटांचा का असेना, तो परदेश प्रवास आहे, म्हणून सगळ्यांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेत. सीमेवर तपासणी होते, आणि मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

तिसरी अट नावांची. कागदी बायर्न-टिकेटवर गाडीत चढण्याआधी प्रत्येकाचं नाव लिहायचं असतं. पासपोर्टवर आहे तसंच, पेनाने. टीसी समोर आल्यावर पेन शोधत बसू नका.

नॉयश्वानश्टाइन किल्ल्याचा दिवस घेतला की हे सगळे नियम एकत्र दिसतात. म्युनिक ते फ्युसेन रीजनल गाडीने दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलो किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं. फ्युसेनहून 73 किंवा 78 नंबरच्या बसने दहा मिनिटांत होहेनश्वांगाऊ हे किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, तिथून किल्ल्यापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचा चढ. आजी-आजोबा बरोबर असतील तर तासभर धरा. कामाच्या दिवशी 9 नंतरच्या गाडीने निघालात तर किल्ल्याच्या दाराशी पोचायला एक वाजून जातो. किल्ल्याची तिकिटं मात्र ठरावीक मिनिटाची असतात आणि वेळ चुकली की ती वाया. म्हणून बायर्न-टिकेटने जाणार असाल तर कामाच्या दिवशी दुपारी 2 च्या आधीची वेळ घेऊच नका, आणि किल्ल्याचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. 18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांच्याही नावाने जागा राखावी लागते. सकाळचीच वेळ हवी असेल तर किल्ला शनिवार-रविवारी ठेवा. गर्दी असते, पण 9 ची अट जाते.

एक कायदेशीर सोयही आहे. समजा गाडी 8:50 ला सुटते आणि 9 नंतर वाटेतल्या एखाद्या स्टेशनवर थांबते. त्या स्टेशनपर्यंतचं साधं तिकीट वेगळं काढायचं आणि तिथून पुढे बायर्न-टिकेट लागू. खाली उतरावं लागत नाही. फक्त गाडी त्या स्टेशनवर खरोखर थांबत असली पाहिजे, नुसती तिथून जाऊन चालत नाही.

मधल्या अंतरांना खरा विचार करावा लागतो. टेगर्नझे आणि श्लियरझे ही तळ्याकाठची गावं डिसेंबर 2023 पासून एमव्हीव्हीत आली. म्हणजे तिथे दोन्ही तिकिटं चालतात. झोन वाढतात तशी ग्रुप तिकिटाची किंमत बायर्न-टिकेटच्या जवळ सरकते. पाच मोठे असाल तर ग्रुप तिकीटच स्वस्त, कारण त्याची किंमत माणसांबरोबर वाढत नाही. दोघांनाच जायचं असेल तर मशीनवर दोन्ही आकडे बघून ठरवा. कामाच्या दिवशी सकाळी लवकर निघणाऱ्यांनी या तळ्यांसाठी ग्रुप तिकीटच घ्यावं. टेगर्नझेच्या बीआरबी गाड्याही वाटेत होल्झकिर्खनला दुभागतात, तेव्हा डब्यावरची पाटी इथेही वाचायची. आल्प्सकडे जाणाऱ्या बऱ्याच रीजनल गाड्या मुख्य स्टेशनच्या 27 ते 36 फलाटांवरून सुटतात. हे फलाट मुख्य दालनापासून लांब आहेत, दहा मिनिटं हाताशी ठेवा.

दोन्ही तिकिटांना एक समान अट आहे आणि कुटुंबांचं गणित बहुतेक वेळा तिच्यावरच बिघडतं: तिकीट एक, तर माणसंही एकत्र. दुपारी आजी-आजोबा दमून हॉटेलवर परतले आणि बाकीचे म्युझियमला गेले, तर तिकीट ज्यांच्याजवळ तेवढेच वैध. असं होणार हे आधीच माहीत असेल तर दोघांचं एक आणि बाकीच्यांचं एक अशी दोन तिकिटं सुरुवातीलाच काढा. संध्याकाळी घाईत माणशी तिकिटं काढण्यापेक्षा ते बरं.

पाच दिवसांचा आराखडा करायचा झाला तर असा: उतरल्या दिवशी एम ते 5 चं ग्रुप तिकीट. शहराच्या दोन दिवसांसाठी एम झोनचं, त्यातला एक दिवस रविवारी येऊ द्या, कारण दुकानं बंद असली तरी आल्टे पिनाकोटेकसारखी राज्य सरकारची बरीच संग्रहालयं त्या दिवशी 1 युरोत बघता येतात. लांबच्या सहलीसाठी शनिवार आणि बायर्न-टिकेट. उरलेल्या दिवशी डाखाऊ किंवा टेगर्नझे, झोन मोजून.

मुलगा किंवा भाऊ म्युनिकला शिकायला-नोकरीला असेल, तर त्याच्याकडे बहुधा डॉइचलांड-टिकेट असतं. जानेवारी 2026 पासून ते महिना 63 युरो आहे, देशभर रीजनल गाड्यांना चालतं आणि 9 ची अटही नाही. पण ते एकाच माणसाचं असतं, त्यावर आईवडील जाऊ शकत नाहीत. पाहुण्यांनी ते घ्यायचं म्हटलं तर 6 वर्षांवरच्या मुलांनाही प्रत्येकी पूर्ण पैसे पडतात. शिवाय ती वर्गणी आहे, महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. एक फायदा मात्र नक्की घ्या: त्याच्याकडे स्वतःचं तिकीट असल्यामुळे बायर्न-टिकेट काढताना त्याला मोजू नका, दहाएक युरो वाचतात.