द्वारका (समुद्रनिमग्न नगरी)

द्वारका (द्वारावती, कुशस्थली) : महाभारत, हरिवंश व पुराणे यांत वर्णिलेली यादवांची राजधानी. कृष्णाच्या निर्याणानंतर ती समुद्राने गिळली, अशी परंपरा आहे. गुजरातमधील आजचे द्वारका शहर (जिल्हा देवभूमी द्वारका) त्याच जागी वसले असल्याचे भाविक मानतात. अभ्यासकांत मात्र नगरीचे स्थान, तिचा काल आणि मुळात ती बुडाली की नाही, या तिन्ही बाबतींत एकवाक्यता नाही. तीर्थक्षेत्र म्हणून द्वारकेचे महत्त्व सर्वपरिचित असल्याने येथे केवळ या वादाचा परामर्श घेतला आहे.

साहित्यातील उल्लेख : जरासंधाच्या त्रासाला कंटाळून यादव मथुरा सोडून रैवतक पर्वताने शोभणाऱ्या कुशस्थलीला आले, असे सभापर्वात सांगितले आहे. हरिवंशात समुद्राने मागे सरून बारा योजने जमीन दिली आणि तीवर विश्वकर्म्याने नगरी उभारली, अशी कथा येते. मौसलपर्वात यादवांच्या आपसांतील संहारानंतर अर्जुन स्त्रिया, मुले व वृद्ध यांना घेऊन बाहेर पडतो आणि लोक निघताच समुद्र ती रत्नसंपन्न नगरी पाण्याखाली घेतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हा बुडण्याचा श्लोक कायम आहे. म्हणजे तो अगदी अलीकडचा प्रक्षेप (मागाहून घातलेला भाग) म्हणून बाजूला सारता येत नाही. समुद्राने दिलेली जमीन समुद्रानेच परत घेतली, अशी ही दोन टोके जुळतात. ती जुळणी ऐतिहासिक आठवणीपेक्षा कथेच्या रचनेकडे अधिक बोट दाखवते, असे वाटते.

विष्णुपुराण व भागवत येथे एक भर घालतात : सारी नगरी बुडाली, पण भगवंताचे निवासस्थान तेवढे वाचले. किनाऱ्यावर एखादे देवालय उभे असताना ही भर पडली असावी, असा तर्क करता येतो. पाली वाङ्मयातील घटजातक या बौद्ध कथेतही द्वारावती येते. तिच्या एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला डोंगर आहे.

स्थाननिश्चिती : अडचण या डोंगराचीच आहे. रैवतक म्हणजे जुनागढजवळचा गिरनार, हे समीकरण बहुतेकांना मान्य आहे. पण आजचे द्वारका शहर ज्यात आहे तो ओखामंडळचा प्रदेश सपाट असून गिरनार तेथून फार दूर आहे. त्यामुळे कोडीनारजवळचे मूळ द्वारका, खुद्द गिरनारचा परिसर आणि कच्छच्या आखातातील बेट द्वारका (शंखोद्धार) असे पर्याय सुचवले गेले. पेरिप्लस या ग्रीक भाषेतील सागरप्रवास-मार्गदर्शिकेत (इ. स. पहिले शतक) सात बेटे असलेल्या बाराके नावाच्या आखाताचा उल्लेख आहे. हे नाव द्वारकेचेच रूप असावे, असे काहींचे मत आहे. इ. स. ५७४ च्या पालिताणा ताम्रपटात द्वारकेचे नाव येते, तेव्हा निदान त्या काळापासून या नावाचे गाव सौराष्ट्रात होते, यात शंका नाही.

जमिनीवरील उत्खनन : १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झेड. डी. अन्सारी व म. श्री. माटे यांनी द्वारकेतील मुख्य कृष्णमंदिर असलेल्या जगत मंदिराजवळ उत्खनन केले. तेथील वस्तीचा प्रारंभ इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे जातो, त्यापेक्षा फार मागे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७९-८० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. आर. राव (लोथलचे उत्खननकर्ते) यांना मंदिराच्या प्रांगणात आधीच्या मंदिरांचे अवशेष आणि त्यांच्या खाली समुद्राने झिजवलेल्या थरांत चकाकीदार लाल मृद्‌भांड्यांचे तुकडे मिळाले. त्यांच्या आधारे राव यांनी द्वारकेचा काल इ. स. पू. पंधराव्या शतकापर्यंत मागे नेला. ही भांडी हडप्पोत्तर काळातील आहेत, हे मान्य केले तरी काही खापरांवरून नगर सिद्ध होत नाही.

सागरी संशोधन : गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकाच्या आरंभी सागरी पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला आणि राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात पाणबुड्यांनी शोध घेतला. गोमती नदीच्या मुखाबाहेर उथळ पाण्यात घडीव दगड, काही अर्धवर्तुळाकार ठोकळे, बुरुजांसारख्या वाटणाऱ्या रचना व मोठ्या संख्येने दगडी नांगर आढळले. ही तटबंदीने वेढलेल्या नगरीची मांडणी आहे, असे राव यांचे मत होते. बेट द्वारका येथे तीन डोकी असलेल्या प्राण्याची शंखाची मुद्रा, अक्षरे कोरलेले भांडे आणि थर्मोल्युमिनेसन्स (भाजलेली माती तापवून तिचे वय मोजण्याच्या) पद्धतीने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा ठरलेला अवशेष मिळाला. उत्तर हडप्पाकालीन वस्ती बेट द्वारका येथे होती, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट होतो. तोच काल मुख्य द्वारकेच्या समुद्रातील दगडांना लावणे ही पुढची, आणि बरीच मोठी, उडी आहे.

नांगरांचा वाद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. येथील नांगर मुख्यतः तीन प्रकारचे आहेत : एकच भोक असलेले गोलसर, तीन भोकांचे त्रिकोणी, आणि लांबट, चौकोनी छेदाचे. लांबट नांगराला वर दोरासाठी गोल भोक व खाली लाकडी फाळ अडकवण्यासाठी एकमेकांना काटकोनात दोन चौकोनी भोके असतात. त्रिकोणी नांगर सायप्रस व सीरिया येथील कांस्ययुगीन नांगरांसारखे दिसतात, म्हणून राव यांनी ते इ. स. पू. चौदाव्या-बाराव्या शतकांतील मानले. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतीलच ए. एस. गौर, सुंदरेश व के. एच. वोरा यांनी केलेल्या फेरतपासणीत, लांबट नांगर अरबी समुद्रातील मध्ययुगीन व्यापारात सर्रास वापरात होते, हे पुढे आले. तशा जातीचे नांगर गोवा व कोकणच्या किनाऱ्यावरही मिळाले आहेत. त्रिकोणी नांगरही शतकानुशतके एकाच आकारात घडवले जात असल्याने आकारावरून त्यांचा काल ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय नांगर जहाजावरून पाण्यातच टाकायचा असतो. समुद्रतळावर तो सापडला तर तेथे जहाजे येत होती एवढे कळते; जमीन बुडाली होती हे नव्हे. अर्धवर्तुळाकार ठोकळ्यांचीही तीच गत आहे : ते तटाच्या बुरुजाचे म्हणून सांगितले गेले, पण धक्क्याचेही असू शकतात. लाटांच्या सततच्या माऱ्यामुळे तेथे थर टिकत नाहीत, आणि थर नसले की दगडाला वय देता येत नाही. ऐतिहासिक काळातील गजबजलेल्या बंदराचे हे अवशेष असावेत, ही गौर प्रभृतींची मांडणी सध्या अधिक ग्राह्य वाटते.

समुद्रपातळी व भूकंप : शेवटच्या हिमयुगानंतर वाढत गेलेली समुद्रपातळी सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळपास येऊन स्थिरावली, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची नगरी निव्वळ पाणी चढल्यामुळे काही मीटर खाली जाणे अवघड आहे. किनाऱ्याची धूप किंवा भूकंपामुळे जमीन खचणे ही कारणे अधिक संभवतात. जमीन खचण्याचे जवळचेच उदाहरण म्हणजे १६ जून १८१९ चा कच्छचा भूकंप : एका बाजूला ‘अल्लाबंद’ नावाचा जमिनीचा उंच बांध वर आला आणि सिंद्रीचा किल्ला व सभोवारचा प्रदेश पाण्याखाली गेला. म्हणजे या भागात गाव बुडणे अशक्य नाही. परंतु द्वारकेच्या बाबतीत अशा घटनेचा स्वतंत्र पुरावा हवा.

कालाचा प्रश्न : चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे शिलालेखातील (इ. स. ६३४) गणनेनुसार महाभारतातील युद्ध इ. स. पू. ३१०२ च्या सुमारास झाले. हस्तिनापूरचे उत्खनन (१९५०-५२) करणारे ब्र. बा. लाल यांनी राखी रंगाच्या चित्रित भांड्यांवरून ते इ. स. पू. नवव्या शतकाच्या आसपास ठेवले. राव यांची द्वारका याहून पाच-सहा शतकांनी जुनी ठरते. कथेला ऐतिहासिक आधार आहे असे मानणाऱ्या दोन पुरातत्त्वज्ञांच्याच तारखा जुळत नाहीत, याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

खंभातचे आखात : मे २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणाचा आधार घेऊन खंभातच्या आखातात सुमारे ३०-४० मी. खोलीवर नगर सापडल्याची घोषणा झाली, आणि एका लाकडाच्या तुकड्याच्या कार्बन-१४ कालमापनावरून ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे ठरवण्यात आले. वृत्तपत्रांनी त्याची द्वारकेशी सांगड घातली, पण दोन्ही स्थळे सौराष्ट्राच्या दोन टोकांना आहेत. वस्तू तळ खरवडून वर काढल्या होत्या आणि देशातील अत्यंत तीव्र भरती-ओहोटीच्या या आखातात त्या मुळात कोठून वाहत आल्या, हे सांगता येत नाही. लाकूड जुने असल्याने नगर जुने ठरत नाही. ध्वनिलहरींच्या प्रतिमांतील चौकोन नैसर्गिक असावेत, असे अनेक पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जलांतर्गत पुरातत्त्व शाखेने यापूर्वी २००५-०७ दरम्यान द्वारकेत काम केले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली तिने द्वारकेच्या समुद्रात पुन्हा पाहणी सुरू केली.