कोकणच्या पुळणीवर नाणी शोधायला कोणती कॉइल?

मेटल डिटेक्टर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: किती खोलवरचं सापडतं? मग आपसूक 12-13 इंची कॉइलवर (दांड्याच्या टोकाच्या, जमिनीवरून फिरवायच्या तबकडीवर) बोट ठेवलं जातं. कोकणात नाणी शोधायची असतील तर हा निर्णय बहुतेकदा फसतो.

कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र नाण्यात भोवरा प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण करतं आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. आता समजा, कॉइलचा व्यास दुप्पट केला आणि नाणंही दुप्पट खोल गेलं. कॉइलच्या टप्प्यात येणारी माती आठपट होते, नाणं मात्र तेवढंच राहतं. माती गप्प असेल तर हे चालून जातं.

आपली माती गप्प नाही. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या, भाट्ये या किनाऱ्यांच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. चुंबक कागदात गुंडाळून वाळूतल्या काळ्या पट्ट्यातून फिरवा. मॅग्नेटाइटचे कण कागदाला चिकटून ताठ उभे राहतात. हेच कण डिटेक्टरला सतत खोटे आवाज देत राहतात.

म्हणून आकाराइतकीच वेटोळ्यांची रचनाही महत्त्वाची. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये मोठ्या वर्तुळात छोटं वर्तुळ असतं. तिचं क्षेत्र खाली शंकूसारखं निमुळतं होतं, त्यामुळे नाण्याची नेमकी जागा छान कळते. पण लोहयुक्त जमिनीत ती लवकर गोंधळते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मधोमध एकमेकांवर येतात आणि पुढून मागे जाणारा अरुंद पट्टाच काय तो संवेदनशील राहतो. एका वेळी माती कमी दिसते, गोंगाटही कमी. माझं मत विचाराल तर कोरड्या पुळणीवर 8-9 इंची डबल-डी पुरे. सुरूच्या बनात, जिथे खिळे नि पत्र्याचे तुकडे विखुरलेले असतात, तिथे 5-6 इंची.

ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात मात्र नुसती कॉइल बदलून भागत नाही. खारं पाणी स्वतःच विद्युतवाहक असल्याने एकाच वारंवारितेवर (प्रवाह सेकंदाला किती वेळा दिशा बदलतो, त्या एकाच आकड्यावर) चालणारी यंत्रं बडबडू लागतात. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारं किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे प्रवाहाचे तुटक झटके सोडणारं यंत्र लागतं.

तांब्याची शिवराई (मराठेशाहीतलं नाणं) उत्तम वाहक असल्याने खणखणीत सिग्नल देते. (ती खरंच सापडली तर 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आठवा: 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारख्या संरक्षित स्मारकांत तर परवानगीशिवाय खणताच येत नाही.) अडचण आजच्या नाण्यांची आहे. स्टेनलेस स्टीलचे एक-दोन रुपये चुंबकाला चिकटतात आणि बऱ्याच डिटेक्टरना ते लोखंडच वाटतं. बाटल्यांची बुचं टाळायला लोखंड गाळणारी सेटिंग लावली, की बुचांबरोबर रुपयेही वाळूतच राहतात.